मागे तोंड करून बसायची सीट

व्हरमाँट, सप्टेंबर, रविवार दुपार

ती. बाबांस आणि सौ. आईस शि. सा. न.

फोनवर बोलले असते, पण स्पीकर लावला की बाबा मध्येच "कितीला पडलं?" विचारतात आणि आई गप्प होते. म्हणून लिहितेय. ताईकडून तुम्हाला अर्धंच कळलंय. हो, घेतला. आमच्या जुन्या ट्रॅक्टरला मागे जोडायचा बॅकहो, म्हणजे जेसीबीच्या मागच्या हाताचं धाकटं भावंड. वापरलेला, ३,२०० डॉलरला. बाबा, लगेच रुपयांत हिशोब करू नका. छोटं खोदायचं मशीन इथे भाड्याने आणायचं तर दिवसाचे साडेतीनशे-चारशे जातात, आणि आमचं काम दोन शनिवार-रविवारांत उरकणारं नाही. काम झाल्यावर विकला तरी पैसे बुडत नाहीत. (विकणार नाही, ते वेगळं.)

तुम्ही म्हणाला होतात, नांगरासारखा मागच्या तीन पॉइंटला लटकवायचा घे, स्वस्तात पडेल. निम्म्या किमतीत मिळतही होता. पण नांगर ओढणं वेगळं आणि खणणं वेगळं. बकेट दगडात अडकली की सगळा जोर उलटा ट्रॅक्टरच्या मागच्या हाउसिंगवर, म्हणजे गिअरच्या कवचावर येतो. ते बीडाचं. चिरलं की ट्रॅक्टर भंगारात. आणि टॉपलिंक, म्हणजे तीनातला वरचा दांडा, तुटला तर ते धूड वर दुमडून चालवणाऱ्याला ट्रॅक्टरवर चेपतं. बेंदराच्या आदल्या दिवशी आपल्या एचएमटी ट्रॅक्टरचा टॉपलिंक तुटला तेव्हा मी कुठे उभी होते, हे तुम्ही विसरला असाल. आई विसरलेली नाही.

म्हणून सबफ्रेमवालाच हवा होता. ट्रॅक्टरच्या पोटाखालून पुढपर्यंत सांगाडा जातो आणि जोर सगळीकडे वाटला जातो. अडचण एवढीच, की आमचा ट्रॅक्टर जॉन डिअर ७५५, आणि ते मॉडेल निघायचं बंद झालं १९९८ साली. जुने बॅकहो विकायला येतात, पण त्यांची सबफ्रेम कुणाच्या तरी गोठ्यात राहून गेलेली असते, आणि तिच्याशिवाय ते नुसतं लोखंड. सात महिने शोधत होते. शेवटी न्यू हॅम्पशायरमधल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे मिळाला. सबफ्रेम, पिना, होज, सगळं एकाच ताडपत्रीखाली.

बाबा, तुम्ही शिकवलं तसंच बघितलं. आधी पैशाचं बोललेच नाही. बूम, म्हणजे बॅकहोचा लांब हात, गदागदा हलवून पिना आणि बुश किती खिळखिळ्या झाल्यात ते पाहिलं. तेलाच्या दाबावर हलणाऱ्या सिलिंडरचे रॉड पूर्ण बाहेर काढायला लावून क्रोमवर बोट फिरवलं. कुठे वेल्डिंगचा डाग आहे का, रंगाखाली तडा लपवलाय का, हेही पाहिलं. खाली पुठ्ठा टाकून अर्धा तास बसले. एकाच सिलिंडरखाली तेलाचा डाग पडला. सील बदलले, पुठ्ठा आता कोरडा आहे. म्हातारा म्हणाला, हे तुला कुणी शिकवलं? मी तासगावकडे बोट दाखवलं, म्हणजे साधारण पूर्वेला. दिशा चुकली असेल. ट्रॅक्टरचा रंग पुण्याजवळ सणसवाडीला बनतात त्या जॉन डिअरसारखाच हिरवा, इंजिन मात्र जपानचं, यानमारचं. २० हॉर्सपॉवर. तुमच्या एचएमटीपेक्षा पाचने कमीच. झालं समाधान?

आता खरं कारण सांगते. आई, गेल्या खेपेला तू जिना उतरताना कठडा धरून मोजत होतीस, "एक, दोन, तीन." मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. गॅरेजशेजारी तुमच्यासाठी खोली काढतोय. एकही पायरी नाही. बाथरूममध्ये धरायला दांड्या, कमोड उंच, गरम पाणी चोवीस तास. देवघराला पूर्वेची भिंत ठेवलीय. फक्त तिथवर पाणी न्यायला पाच फूट खोल चर हवा, कारण थंडीत इथली जमीन चार-चार फूट गोठते. वर टाकलेली नळी जानेवारीत फुटलीच होती. आणि आपल्यासारखी काळी माती नाही, फावडं मारलं की दगडच लागतो. खणायच्या आधी ८११ला, म्हणजे जमिनीखालच्या तारा-नळ्या दाखवून देणाऱ्या इथल्या सेवेला, फोन केला. माणूस येऊन विजेच्या तारांवर लाल रंगाने रेघा मारून गेला, तेव्हा काळजी नको.

छोटू पाचवीत गेला की पुण्याला यायचं, असं आम्ही म्हणत होतो. ते आता व्हायचं नाही. त्याची शाळा संपेपर्यंत तरी नाही. बॅकहोची पावती बघून तुम्हाला ते कळलंच असेल, म्हणून आडून सांगत नाही. तुमचे जावई म्हणाले, मी सांगतो. मी म्हटलं, नको, माझे आई-बाबा आहेत. आई, रडू नकोस गं. मीही रडत नाहीये. मला अजूनही ताप आला की तुझ्या पदराचा, तो फोडणीचा वास आठवतो, आणि इथे कुणाला सांगायची सोय नाही.

बरं. बाबा, बीपीची गोळी जेवणानंतर नाही, सकाळी, डॉक्टरांनी सांगितलीय त्या वेळेला. माळ्यावर चढायचं नाही. एचएमटी एकट्याने चालू करायची नाही, आणि भंगारवाल्याला द्यायचीही नाही, भाऊजी काहीही म्हणोत. आई, गुडघ्याचे व्यायाम व्हिडिओ लावून कर, मनातल्या मनात नको. पासपोर्ट नूतनीकरणाचा अर्ज ताई भरेल, तुम्ही फक्त फोटोला जा. तो मळका स्वेटर घालून नको.

जूनमध्ये या. एप्रिल-मेमध्ये इथे नुसता चिखल असतो. पाण्याच्या नळीचा चर मी बर्फाआधी काढणार, पण खोलीमागच्या उतारावरचं पावसाचं पाणी वळवायला जो चर लागेल, तो मुद्दाम ठेवलाय. बॅकहोची सीट मागे तोंड करून असते, बसल्यावर ट्रॅक्टरचं नाक दिसतच नाही. तुम्हाला दोन दिवस चुकल्यासारखं होईल, मग जमेल. रोज अर्धाच तास, आणि टोपी घालून. मी शेजारी उभी राहीन. लांब, बकेट पोचणार नाही इतकी.

तुमची,
ठमी