ओटीपी चाकणला, पीक शेतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मोबाइलच्या नादी लागलेल्या पोरांबद्दल आपल्या पानावर पुष्कळ पत्रं येतात. मी लिहितोय ते वेगळ्या माणसांबद्दल. ज्यांना मोबाइलची हौस नाही, तो परवडत नाही, त्यांचंही आता त्याच्यावाचून अडतं.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी, म्हणजे आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाइल ॲपवर करायची पद्धत, सुरू झाली. त्याआधी सातबाऱ्यातल्या गाव नमुना 12 मधला पीकपेरा, म्हणजे शेतात काय पेरलंय त्याची नोंद, तलाठी लिहायचे. ते दिवस फार चांगले होते असं मी म्हणणार नाही. कित्येकदा बांधावर न येताच मागच्या वर्षीचा पेरा पुढे ओढला जायचा आणि शेतात सोयाबीन असताना कागदावर ज्वारी निघायची. त्यामुळे आपला पेरा आपणच नोंदवायचा, हे ऐकून मला मनापासून बरं वाटलं होतं. माझी नोंद मी दरवर्षी स्वतः करतो.

पण माझ्या भावजयीचं काय? भाऊ गेल्यावर दोन एकर तिच्या नावावर झालं. तिच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. पीक पाहणीचा फोटो आपल्या जमिनीच्या गटात उभं राहूनच काढावा लागतो, म्हणजे स्मार्टफोनवाला माणूस शेतापर्यंत न्यायला हवा. गेल्या खरिपात शेजारच्या मुलाला घेऊन ती तीनदा रानात गेली. एकदा रेंज नव्हती, एकदा सर्व्हर बंद, तिसऱ्यांदा पाऊस. दर वेळी त्या पोराची मिनतवारी. आयुष्यभर कुणापुढे हात न पसरलेल्या बाईला आपल्याच शेताची नोंद करायला असं दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं, हे मला बघवत नाही.

शेतकरी ओळख क्रमांक काढताना तर वेगळीच तऱ्हा. 15 एप्रिल 2025 पासून कृषी योजनांसाठी तो सक्तीचा झाला. तिच्या आधारला जोडलेला नंबर मुलाचा, आणि मुलगा चाकणला कंपनीत. शिफ्टला जाताना फोन बाहेर ठेवावा लागतो. ही इथे केंद्रावर रांगेत, ओटीपी तिकडे कपाटात. तो सुटीवर आला तेव्हा कुठे काम झालं. खुरपून खुरपून झिजलेला तिचा अंगठाही यंत्रावर धड उमटत नाही.

पीकपेऱ्याची नोंद म्हणजे नुसती कागदावरची रेघ नव्हे. 2023 च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी 5,000 रुपयांची मदत जाहीर झाली, तेव्हा आधी हीच नोंद पाहिली गेली. हमीभावाने माल घालायचा तरी सातबाऱ्यावर पीक दिसावं लागतं.

ज्यांची नोंद करायची राहून गेली त्यांच्यासाठी आता गावोगाव पीक पाहणीचे सहायक आहेत. सोय चांगली आहे, पण त्यांचं काम शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यानंतर सुरू होतं. आमच्याकडे सोयाबीन शंभर दिवसांत काढणीला येतं. जूनमध्ये पेरलेलं पीक ऑक्टोबर उजाडेपर्यंत पुष्कळ ठिकाणी कापून ढिगाला लागलेलं असतं. मग फोटो कशाचा घेणार, धसकटांचा?

म्हणून महसूल खात्याला माझी विनंती आहे. स्मार्टफोन नसलेल्या खातेदारांची यादी जुलैतच ग्रामपंचायतीत करून घ्यावी. त्यात एकट्या बायका आणि म्हातारी माणसं आधी धरावीत. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सहायकाने आधी त्यांच्याच बांधावर जावं. शिवाय पीकपेऱ्याचा कागदी अर्ज चावडीत घ्यावा आणि त्याची सही-शिक्क्याची पोच द्यावी. पुढे मदतीच्या वेळी ॲपमध्ये नोंद सापडली नाही, तर ती पोच पुरावा म्हणून धरावी.

यंदाही भावजय त्याच मुलाच्या भरवशावर आहे. तो पुढच्या वर्षी शिकायला लातूरला जाणार आहे.

आपला,
एक शेतकरी, ता. औसा, जि. लातूर