पाणी नको, कपाट हवं

पुणे, रविवार रात्र

प्रिय सुध्या,

तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, आईची साखर आटोक्यात आहे. पुढे.

काल नारायण पेठेत माझ्या पुरावरच्या प्रदर्शनाची ट्रायल घेतली. भिंत तीच, जिच्यावरून बाळ्या पडला होता. पानशेतचं पाणी जिथवर चढलं होतं तिथे प्रोजेक्टरने उजेडाची रेघ मारली. रेघेवरचं दृश्य रंगीत, खालचं सगळं करडं. दिवे मालवले आणि सुध्या, ते फार देखणं दिसलं. तिथेच घोळ आहे. गल्लीतली पोरं जमली. रेघेखाली उभं राहून, हात वर करून एकमेकांचे फोटो काढायला लागली. एक पोरगी म्हणते, "काका, पाणी अजून वर घ्या ना!" एका बोटाचं काम होतं. घेतलं मी.

हसू नकोस. डिप्लोमाच्या वर्षी तू सगळ्यांसमोर म्हणाला होतास, "हा बुडालेल्यांचं कॅलेंडर छापतो." महिनाभर तुझ्याशी बोललो नव्हतो आणि तेवढ्यात माझे पाचशे रुपये तू पचवलेस, तेही लक्षात आहे. पण काल ते वाक्य डोक्यातून जाईना.

मुळात पूर नदीकाठी राहिलेलाच नाही. पात्रात आता रस्ता आहे, गाड्या लावलेल्या असतात. १२ जुलै १९६१ला आलेलं पाणी ओसरलं, पण माणसं कुठे गेली? लोकमान्यनगर, गोखलेनगर… अर्ध्या शहराचा नकाशा त्या पाण्याने आखलाय आणि तिथून रोज जाणाऱ्याला तो पूर वाटतच नाही. वसाहत वाटते. मला ते दाखवायचंय.

म्हणून तुझ्या आजीची कॅसेट पुन्हा ऐकली. धरणावर जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते, सकाळी पानशेत गेलं, मग खडकवासला गेलं, हे सगळं ती दोन वाक्यांत उरकते. खडकवासला फुटल्यावर नळच कोरडे, म्हणजे पुरातून वाचलेली माणसं घोटभर पाण्यासाठी रांगेत. तेही एका वाक्यात. आणि मग पुनर्वसनातल्या त्या अर्धगोल घरावर अर्धा तास! भिंतच वाकलेली, कपाट लावायचं कुठे? लावलं तर मागे तिरकी फट राहायची. "त्या फटीत उंदीर आणि आमचा अरुण." तुझे बाबा, सुध्या!

तर आता पाणी रद्द. पत्र्याची अर्धगोल भिंत उभी करायची, तिला टेकून लोखंडी कपाट, फट तशीच. पत्र्यावर गोखलेनगरची आजची दृश्यं: ट्रायपॉड हलणार नाही, कुणी जिना झाडतंय, कुणी गच्चीवर कपडे वाळत घालतंय, चढलेले मजले. गोल पत्र्यावर सरळ चित्र फक्त एका जागेवरून सरळ दिसतं. नेमकं तिथेच कपाट ठेवणार. लोकांना वाकडंच बघावं लागेल. फटीतून आजीचा आवाज.

गॅलरीवाले विचारतात, पाण्याशिवाय पोस्टर कशाचं करायचं? कपाटाचं करा म्हटलं. गप्प झाले. मलाही रात्री वाटतं, त्या पोरांना निदान पाणी किती चढलं ते तरी कळलं होतं. कपाट बघून काय कळणार? झोप लागत नाही ती यामुळे. बायको म्हणते गुडघ्यामुळे.

तुझ्या बदलीचं मंदाकडून कळलं. नवं घर लागलं का? चिंगीचं दहावीचं वर्ष ना? तिला सांग, काकाने चित्रकलेला जा असं म्हटलेलं नाही.

आता कामाचं. आजी शेवटी आजोबांबद्दल जे बोलते, तो भाग ठेवू की कापू? तुला माहितीये कुठला. बाबांना तूच विचार, मला ते अजून 'तो दाढीवाला' म्हणतात. शुक्रवारी आवाजाचं एडिटिंग बसवायचंय, त्याआधी कळव. फोनच कर, तुझं अक्षर मला कधीच लागलेलं नाही.

तुझा,
दिल्या