भूतरामनहट्टीला मोटारहोमसाठी एक प्लग आणि एक चेंबर द्या

मा. संपादक,

मागणी छोटीच आहे. बेळगावजवळच्या भूतरामनहट्टीच्या कित्तूर राणी चन्नम्मा प्राणीसंग्रहालयाच्या आसपास चार-पाच मोटारहोम उभ्या राहतील एवढी जागा, तिथं १६ अँपिअरचे प्लग, पाण्याचा नळ आणि मैला सोडायला झाकणाचं चेंबर करून द्या. आता ही असली मागणी कोण करतं आणि कशाला, असं वाटेल म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पुण्याचा भाचा बायकापोरांसकट भाड्याची मोटारहोम घेऊन आला, ड्रायव्हर गाडीवाल्यांचाच. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, टेंपो ट्रॅव्हलरसारखी गाडी असते, आत बेड, ओटा, फ्रीज, छोटं टॉयलेट, वर एसी. निपाणीत आमच्याकडं नाष्टा करून आम्ही पण चढलो, तवंदी घाट ओलांडून संकेश्वर, हत्तरगी टोल, यमकनमर्डी, आणि ऊन चढायच्या आत भूतरामनहट्टी. पोरं मागं बेडवर लोळत, काचेतनं उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या मोजत, मजा होती खरं.

प्राणीसंग्रहालय बघण्यासारखं आहे, बेळगावकर उगाच नाव ठेवतात. सिंह झोपलेला होता (दुपारी सिंह झोपणारच, पोरांना ते पटत नाही), वाघ मात्र उठून फेऱ्या मारत होता, तिथनं पोरं हलेनात. काळविटांकडं गेलो तेव्हा नोव्हेंबर २०२५ ची आठवण झालीच. तेव्हा इथली जवळपास तीस काळविटं थोड्या दिवसांत दगावली, तपासात घटसर्प निघाला. आपल्याकडं शेतकऱ्याला हा रोग सांगायला नको, पावसाळ्याच्या तोंडाला म्हशींना लस टोचतोच की आपण. म्हणजे गोठ्यातला रोग कुंपणाच्या आत पण येतो, तेव्हा कुंपणाच्या आजूबाजूला काय सांडतंय, काय वाहतंय याकडं लक्ष असायला पाहिजे असं माझं म्हणणं.

आणि इथंच मोटारहोमचा विषय येतो. जेवण गाडीतच केलं, बाहेर ऊन म्हणून एसी पाहिजे, एसीला बॅटरी पुरत नाही, मग ड्रायव्हरनं जनरेटर लावला. पार्किंगमध्ये सगळ्यांनी माना वळवल्या. वन्यजीव संरक्षण कायद्यात ३८-जे कलम आहे, प्राणीसंग्रहालयात प्राण्यांना डिवचणं, खायला घालणं, आवाजानं त्रास देणं, घाण टाकणं सगळ्याला बंदी. आता पार्किंग त्यात बसतं की नाही ते वकील सांगतील, पण भिंतीपलीकडं हरणं असताना इकडं तासभर घरघर चालवणं बरं नव्हे म्हणून मी बंद करायला लावला आणि आम्ही घाम पुसत जेवलो. साधा प्लग असता तर जनरेटर लावायचीच गरज नव्हती, तासाला पैसे घ्या की वाटल्यास.

खरी पंचाईत संध्याकाळी. एवढी माणसं दिवसभर गाडीतलं टॉयलेट वापरली की टाकी भरतेच. भांडी धुतलेलं पाणी वेगळं, मैला वेगळा. ड्रायव्हर अगदी सहज म्हणाला, साहेब पुढं नाला लागतो तिथं सोडतो, सगळे तसंच करतात. आम्ही नको म्हटलं, मग एका पेट्रोल पंपावर विचारलं, त्यांनी हात जोडले, एका लॉजवर विचारलं, तो म्हणाला रूम घ्या मग बघू, आणि रूम घेऊन पण शेवटी नाहीच म्हणाला. बेडवाली गाडी दारात उभी असताना आम्ही रूमचं भाडं भरलं, हे कुणाला सांगितलं तर हसतील. शेवटी एका ओळखीच्यांच्या घरी सेप्टिक टँकचं झाकण उघडून काम झालं. ज्याची ओळख नाही त्यानं काय करायचं? तो नाल्यातच सोडणार, आणि त्या नाल्याचं पाणी कुणाची तरी म्हैस पिणार.

दुसऱ्या दिवशी मंडळी जांबोटीवरनं चोर्लामार्गे गोव्याला गेली. त्या बाजूला भीमगड अभयारण्य आहे, २०११ ला जाहीर झालेलं, बारापेडे गुहेतलं दुर्मिळ वटवाघूळ तिथलंच आणि म्हादई नदी पण खानापूर तालुक्यातच उगम पावते. तिथं रस्त्याकडेला झाडीत गाडी लावून रात्र काढायची आणि सकाळी टाकी रिकामी करून निघायचं, हे सुरू झालं तर मग बोंबलत बसावं लागेल. जंगलाच्या आधी, हायवेलगत सोय असली तर माणूस तिथंच थांबतो आणि वनखात्यालाही पुढं अडवायला तोंड राहतं.

कर्नाटकाच्या २०२०-२६ च्या पर्यटन धोरणात कॅरॅव्हॅन टुरिझम, म्हणजे असल्या मोटारहोमनं फिरणं, होतं, महाराष्ट्रानं तर २०२१ मध्ये वेगळं धोरणच केलं. दोन्हीकडची धोरणं कागदावर, आणि गाडी येऊन थांबते ती मधल्या आमच्या सीमाभागात, आमच्या नशिबी हे नेहमीचंच. खर्च म्हणाल तर काँक्रीटचा एक पट्टा, मीटर, नळ आणि सेप्टिक टँक, कुठलाही गवंडी करून देईल. रात्रीचे पाचशे-सातशे घेतले तरी लोक देतील, गाडीचं दिवसाचं भाडंच त्याच्या कितीतरी पट असतं. ग्रामपंचायतीनं चालवायला घेतलं तर गावातल्या दोन पोरांना काम, शेजारी भाकरी-झुणक्याची खानावळ चालेल ती वेगळीच.

फक्त जागा ठरवताना हायवेच्या बाजूला ठरवा, प्राण्यांच्या कुंपणाला चिकटून नको, आणि पाटी कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्हीत लावा, नाहीतर सोय असून पुण्याचा ड्रायव्हर पुढं नाल्यावरच जायचा.

आपला,
एक वाचक, निपाणी