मंगेशीहून आल्यावर

फोंडा, १० नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

पं. जितेंद्र अभिषेकीबुवांच्या आठवणीतल्या मंगेशीच्या कार्यक्रमाला यायची तिकिटं रद्द झाल्याचं कळल्यापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. फोन केला की "आईशी बोल" म्हणतात आणि तिच्या हातात देतात. म्हणून हे पत्र. बाबा, तिकिटं मीच रद्द करायला लावली. दादाने तर रजाही टाकली होती, तो तुम्हाला घेऊन यायला तयार होता. तेव्हा त्याच्यावर आणि वहिनीवर राग धरू नका. धरायचाच तर माझ्यावर धरा, पण आधी माझं ऐकून घ्या.

पुण्याहून इथे यायचं म्हणजे रात्रभराचा प्रवास आणि घाटातली वळणं. तुमच्या पायांची सूज अजून पुरती उतरलेली नाही. सलग बसून राहायचं नाही, असं डॉक्टरांनी आईसमोर बजावलंय. लघवीची गोळी घेतलेल्या माणसाने रात्रीच्या बसमध्ये काय करायचं? रेल्वेने आलात तरी आडवेळी मडगावला उतरून पुन्हा गाडी करावी लागली असती. कार्यक्रम देवळाजवळ, उघड्या मांडवात. नऊनंतर दंव उतरायला लागलं, माझेच केस ओलसर झाले होते. तुम्ही "मध्यंतरात उठतो" म्हणाला असतात आणि भैरवीपर्यंत जागचे हलला नसतात, हे मला माहीत नाही का? आबांच्या वेळी आपण सगळेच "एवढ्याने काय होतंय" म्हणत राहिलो. ते वाक्य मला या घरात परत ऐकायचं नव्हतं.

आणि एवढं करून मी स्वतः मात्र गेले, हे तुम्हाला जास्त लागलं असणार. पण बाबा, बुवांसाठी अख्खं मंगेशी जमणार आणि आपल्या घरचं कुणीच नाही, हे मला सहन झालं नसतं. तुमच्या वतीने गेले. तुमची ती करड्या रंगाची शाल घेऊन गेले आणि शेवटपर्यंत तीच पांघरून बसले.

गर्दी म्हणाल तर प्रियोळ, म्हार्दोळ, बांदिवडेपासून माणसं आली होती. मांडव भरला तेव्हा मुलं दीपमाळेच्या बाजूला जमिनीवरच बसली. निवेदकाने बुवांचा १९२९ चा जन्म, देवाला अभिषेक करणारं घराणं, कीर्तनकार वडील, इथपासून सुरुवात केली. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांना हे पाठ होतं, तरी कुणी चुळबूळ केली नाही. फेब्रुवारीत गायक प्रभाकर कारेकर गेले, त्यांच्यासाठी सगळे उभे राहिले. तुम्हाला त्या वेळी फार आठवलं. साखळीचे रामदास कामत २०२२ मध्ये गेले तेव्हा तुम्ही दिवसभर काही न बोलता 'गुंतता हृदय हे' लावून बसला होतात. परवा एका मुलाने तेच पद म्हटलं आणि गोवा हिंदू असोसिएशनच्या १९६४ च्या 'मत्स्यगंधा' नाटकाची आठवण सांगितली. गाणं स्वच्छ होतं, पण जरा घाईत. तुम्ही असता तर मानेनेच "सावकाश" सांगितलं असतंत. तुमची 'मत्स्यगंधा'ची गोष्ट मी शेजारच्या बाईंना सांगितली, पहिल्या रांगेपासून शेवटच्या लोकलपर्यंत. आई, तू नेहमी ती अर्ध्यावर तोडतेस, मी पुरी सांगितली.

'कट्यार'मधलं 'घेई छंद मकरंद' दोघांनी गायलं. आधी सालगवराळीतलं, मग लगेच धानीतलं. शब्द तेच, आणि बुवांनी दोन रागांत बांधून दोन घराण्यांची दोन माणसं समोर उभी केली. हे तुम्ही मला लहानपणी हार्मोनियमवर दाखवायचात आणि मला त्यातलं काही कळायचं नाही, मी आपली भात्याच्या हवेपाशी हात धरून बसायची. परवा दोन्ही एकामागोमाग ऐकली तेव्हा नीट उमगलं. साठ वर्षं होत आली त्या नाटकाला, आणि अजून लोक त्या जागेवर "वा" म्हणतात. मला वाटतं, नाट्यपद म्हणजे रागाची सोपी आवृत्ती असं मानणाऱ्यांना एकदा हे दोन्ही ऐकवायला हवं.

पण खरं गाणं त्याच्या आधी झालं, ते तुम्हाला सांगायचं आहे. एक मुलगी बसली होती, पंचविशीची असेल. नाव गाजलेलं नाही, त्यामुळे लोक तेवढ्यात चहाला उठले. तिने जोगकंस धरला. निवेदकाने एवढंच सांगितलं की हा बुवांच्या गुरूंचा, जगन्नाथबुवा पुरोहितांचा राग. 'गुणिदास' हे त्यांचं टोपणनाव घेतल्याबरोबर मी सावरून बसले, कारण हे नाव घेताना तुम्ही कानाच्या पाळीला हात लावता. तिने तंबोरे स्वतः पुन्हा जुळवून घेतले, कुणाची घाई मानली नाही. विलंबितात बराच वेळ ती कंस रागांच्या अंगानेच चालली होती, कोमल गंधारावर यायची आणि षड्जावर मिटवायची. आणि मग एकदा वर जाताना अलगद शुद्ध गंधार लावला. बाबा, अंधाऱ्या खोलीत कुणी खिडकी ढकलावी तसं झालं. चहाला गेलेली माणसं कागदी कप हातात धरून तिथेच उभी राहिली. तिने लगेच तो परत लावला नाही, आम्हाला वाट बघायला लावली. दुसऱ्यांदा लावला तेव्हा माझ्या पुढचे आजोबा मांडीवर थाप मारून म्हणाले, "बुवा आयले!" मला रडू आलं. तुमच्या शालीलाच डोळे पुसले, ती धुवायला टाकली आहे.

तर या गंधाराबद्दल मला विचारायचं आहे. ती मध्यमावरून किंचित खाली ओघळत त्यावर येत होती. बुवा तो सरळ लावायचे, असं तुम्ही म्हणायचात, असं मला आठवतं. की मी चुकते आहे? रविवारी फोन करते तेव्हा तुम्ही मला तो म्हणून दाखवायचा. मंद्रात, हळू आवाजात, उशीला टेकून. दम लागला की थांबायचं. खोकला असेल तर म्हणायचंच नाही, नुसतं तोंडाने सांगायचं.

आता कॅसेटींचं. तुम्हाला न विचारता मी माडीवरचं कपाट उघडलं. रागावू नका, उघडलं नसतं तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत काही उरलं नसतं. देवळातल्या बैठकीच्या कॅसेटीवर पांढरी बुरशी चढली होती, फितीच्या कडेने पिठाची रेघ मारल्यासारखी. पणजीत एकजण हे काम करतात. त्यांनी माझ्यासमोर पाचही बारीक स्क्रू काढले, फीत नव्या कवचात बसवली, कापसाने टेपचा हेड पुसला आणि मगच लावली. आधी नुसता खरखराट होता. मग तंबोरा, मग बुवांचा आवाज. उरलेल्या कॅसेटी एकेक करून नेते आहे. सगळं पेन ड्राइव्हवर येईल आणि दादा तुमच्या फोनमध्ये घालून देईल. मूळ कॅसेटी फेकणार नाही, हा शब्द देते. तुमच्या अक्षरातली लेबलंसुद्धा तशीच ठेवली आहेत.

त्या बैठकीत मध्येच एक मूल कुरकुरतं आणि तुम्ही "ओगी, ओगी राव" म्हणता, तेही ऐकू येतं. ती मीच ना? मला त्या रात्रीचं काही आठवत नाही, फक्त तुमच्या सदऱ्याला येणारा तपकिरीचा वास आणि आईच्या पदराखालची ऊब. झोप आली की मी तुमच्या मांडीवरून आईकडे सरकायची आणि टाळ्या पडल्या की परत तुमच्याकडे. मला गाणं शिकवलंत असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत, पण माझ्या कानात जे काही आहे ते त्या मांडीवरचं आहे.

आई, घराची काळजी करू नकोस. तुळशीचं लग्न नीट लावलं. दिंड्याची काठी, ऊस, आवळे, चिंचा, सगळं मिळालं. वृंदावन रंगवायला वेळ झाला नाही, नुसता चुना काढला. माडांचे नारळ पाडून घेतले, सोललेले माजघरात आहेत. मांजरी व्याली, तुझ्या जुन्या साड्यांच्या पेटीतच, म्हणून ती पेटी हलवली नाही. पदेर रोज सकाळी पाव घेऊन येतो आणि "आजी केन्ना येतली?" विचारतो. बुधवारी शेजारचे पुण्याला येताहेत, त्यांच्याकडे उकडे तांदूळ, सोलां, तिरफळं आणि आंब्याची साठं पाठवते आहे. साठं बाबांना बोटभरच दे. त्यांची साखर आणि त्यांचा आग्रह दोन्ही मला माहीत आहेत.

आणि आता दोघांनी ऐका. लोणच्याची बरणी टेबलावर ठेवायची नाही. सोलकढीत मीठ नावालाच. पुण्याची थंडी आपल्यासारखी नसते, तेव्हा बाबांनी कानटोपी घातल्याशिवाय गच्चीवर जायचं नाही, सूर्य वर आल्यावरच जायचं. रोज सकाळी वजन करून वहीत लिहायचं. एका रात्रीत किलोभर वाढलं तर संध्याकाळची वाट न बघता दादाला सांगायचं. आई, तुझा गुडघा "ठीक आहे" म्हणून टाळू नकोस. वहिनीला कामाला लावायचा संकोच होतो हे कळतं मला, पण ती मनापासून करते, तिला करू दे.

मार्चमध्ये, पायांची सूज उतरली आणि डॉक्टर हो म्हणाले, की मीच न्यायला येते. विमानाने येऊ, तासाभराचा प्रवास. दुपारच्या वेळी मंगेशीला जाऊ, तळ्याकाठी सावलीत बसू, तुम्हाला हवं तेवढा वेळ. मी घड्याळ बघणार नाही.

तुमची,
बाय

ता. क. कॅसेटींपैकी एकीवर नुसतं "शिरोडा, रात्री" लिहिलंय, साल नाही. आत यमन आहे, पण आवाज बुवांचा वाटत नाही. कुणाचा ते आठवलं तर रविवारी सांगा, म्हणजे लेबल लावून घेते. आणि संध्याकाळची गोळी जेवणाआधी, नंतर नाही.