आईला दोष देऊ नका

संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीतला आफ्रिकेतल्या मलेरियावरचा लेख वाचला, बाकी पटलं पण मुलं आईबापांच्या हलगर्जीपणामुळे दगावतात हे वाक्य फार लागलं. एकाच मच्छरदाणीत झोपणाऱ्या दोन भावांपैकी एक दोन दिवस तापून परत खेळायला लागतो आणि दुसऱ्याला आकडी येऊन तो बेशुद्ध पडतो, यात आईचा काय दोष? गांबियातल्या मुलांवर १९९१ साली अभ्यास झाला, त्यात एचएलए-बी ५३ हा प्रतिकारशक्तीचा जीन असलेल्या मुलांना गंभीर मलेरिया कमी होतो असं दिसलं, आणि हा जीन पश्चिम आफ्रिकेत बऱ्याच जणांत सापडतो, इतरत्र क्वचितच. पुढे १९९४ मध्ये तिथल्याच मुलांत टीएनएफ जीनचा एक प्रकार आई आणि वडील दोघांकडून आलेला असेल तर मेंदूच्या मलेरियात मृत्यूचा किंवा मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका सातपट निघाला. टीएनएफ म्हणजे शरीर जंतूशी लढायला जे सोडतं तेच, ते जास्त झालं की लेकराच्याच अंगावर उलटतं. लेखात हे यायलाच हवं होतं. कुठल्या मुलात काय आहे हे आईला दिसत नाही, म्हणून ताप आल्या दिवशीच टेस्ट आणि गोळ्या गावातच मिळाव्यात, यावर कृपया लिहा.
– एक वाचक, नाशिक