ताम्हिणीतल्या त्या मेस्त्रींचे आभार

रविवारी ताम्हिणी घाटाखालच्या कच्च्या रस्त्यावर आमची जुनी, सेकंडहँड फोर-बाय-फोर (गरज पडली तर चारही चाकांना इंजिनचा जोर देता येणारी गाडी) चिखलात रुतली. डॅशबोर्डवर फोर-व्हीलचा दिवा पेटलेला, पण पुढची चाकं ढिम्म. मागची नुसती चिखल उडवत होती.

टेम्पोतून जाणारे एक मेस्त्री थांबले. स्वतःचा रेनकोट अंथरून गाडीखाली शिरले. पुढच्या हबला, म्हणजे चाकाला अ‍ॅक्सलशी जोडणाऱ्या भागाला, जाणारी व्हॅक्यूमची (हवा खेचणारी) नळी टोकाशी तडकली होती, म्हणून हब लॉकच होत नव्हते आणि पुढच्या चाकांना जोर मिळत नव्हता. तेवढं टोक ब्लेडने कापून नळी पुन्हा घट्ट बसवली. गाडी निघाली! (आमचा गॅरेजवाला गिअरबॉक्स उघडायला निघाला होता.)

पैसे घेतले नाहीत. उलट घाबरलेल्या आईला आपल्या थर्मासमधला चहा दिला.

दादा, नाव विचारायचं राहिलंच. डांबरी लागताच फोर-व्हील बंद केली, तुम्ही बजावल्याप्रमाणे. मनापासून आभार.