मिल्यास, तीन लोकांविषयी

ठाणे, शनिवार

प्रिय मिल्या,

पत्र मिळालं. ब्रँडन सँडरसनच्या कादंबऱ्यांचं सामाईक विश्व म्हणजे कॉस्मिअर; त्याचे तीन लोक (भौतिक, बोध आणि आत्मिक) म्हणजे शंकराचार्यांच्याच तीन सत्ता (भासापुरती, व्यवहारापुरती आणि पारमार्थिक), हे तुझं म्हणणं मी ठाणे-वाशी गाडीत रबाळेपर्यंत चघळत होतो. ऐकायला झकास आहे, पण पटलं नाही.

अद्वैतात वरची सत्ता कळली की खालचीचा बाध होतो, ती खोटी ठरते. दोरी दिसली, साप गेला. त्याची समजूत घालायला कुणी थांबत नाही. सँडरसनकडे कोण कुणाला खोटं ठरवतंय? 'वर्ड्स ऑफ रेडियन्स'मधली ती काठी आठव. वस्तूचं रूप पालटू पाहणारी नायिका शलान तिला विनवतेय, बाई, आग हो; आणि ती ढिम्म. मी काठी आहे, संपलं! बोधलोकात वस्तूला स्वतःबद्दल मत असतं, आणि ते वळवल्याशिवाय इकडे भौतिक लोकात ठिणगीही पडत नाही. भास असा अडून बसतो होय? सँडरसनच्याच 'द एम्परर्स सोल'मधली शाय शिक्का मारून वस्तूचा भूतकाळच बदलते, पण तो नवा इतिहास पटण्याजोगा नसेल तर शिक्का टिकत नाही. माया एवढी कागदपत्रं मागत नाही रे.

आणि पर्पेंडिक्युलॅरिटीचं काय करशील? शक्ती एका जागी साचली की तिथून देहासकट पलीकडे, बोधलोकात जाता येतं. मोक्षाला कुणी पाठीवर सामान घेऊन निघत नाही. इथे माणसं जातात, शेड्समारमध्ये (बोधलोकाचंच हे दुसरं नाव) व्यापार करतात, परत येतात.

शेड्समारचा भूगोल मला तत्त्वज्ञानाहून जास्त आवडतो, हे आपलं जाता जाता. शलानच्या ग्रहावर, रोशरवर, इकडे जमीन तिथे तिकडे काचेच्या मण्यांचा समुद्र, आणि इकडच्या समुद्राच्या जागी तिकडे जमीन. ऐरोली पुलावरून जाताना मी तोच नियम इथे लावून पाहिला: फ्लेमिंगो चिखलात चोच खुपसून उभे असतात ती खाडी कोरडी ठणठणीत, आपण चालत मुलुंडला, आणि अख्खा नौपाडा मण्यांत बुडालेला. दोन ग्रहांमधलं अंतर मात्र तिकडे आटतं, कारण मधल्या पोकळीचा विचार करणारं कुणी नाही. ठाण्याला या सवलतीचा उपयोग शून्य. इथे इंचाइंचाचा विचार होतो, तोही स्क्वेअर फुटाच्या भावाने.

आपल्याकडचं नातं जोडायचंच असेल तर ज्ञानदेवांकडे जा. 'अमृतानुभवा'चं सातवं प्रकरण काढ, अज्ञानखंडन. जग अज्ञानातून उपजलेलं नाही, चैतन्याचाच विलास आहे. हा सूर कॉस्मिअरच्या बराच जवळ जातो. पण तिथेही एक अडचण आहेच. ज्ञानदेवांचं एक कितीही नटलं तरी एकच राहतं. कॉस्मिअरमधल्या मूळ दैवी शक्तीला, अडोनाल्सियमला, सोळा जणांनी फोडलं, तुकडे वाटून घेतले आणि पुढे भाऊबंदकी सुरू. या फुटण्यावर सगळी कथा उभी आहे, आणि त्याला तुझ्या तिन्ही सत्तांत जागा नाही.

आता तू बोल. पण लिहूनच, फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुहास